एक थाप म्हणजे थांब

३ ऑक्टोबर

आई आज गाडीच्या मागे उभी राहिली नाही. हे लिहून ठेवते. उद्या मीच म्हणेन की मला भास झाला.

दोघं निवृत्त झाल्यापासून दर ऑक्टोबरला मोटरहोम घेऊन पानांचे रंग बघायला उत्तरेला येतात. हे नववं वर्ष. याआधी मी दोनदा बरोबर आले होते. कॅम्पवर गाडी लावायची त्यांची पद्धत ठरलेली. बाबा स्टिअरिंगवर, आई मागे डाव्या कोपऱ्याला, त्यांना आरशात दिसेल अशी. हाताने खुणा. ये, ये, थोडं डावीकडे, बस. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून हा कार्यक्रम बघतात. कॅम्पवर दुसरी करमणूक असते कुठे?

आज आई गाडीला खेटून चालत होती आणि तळहाताने पत्र्यावर थापा मारत होती. दोन थापा म्हणजे ये. एक थाप म्हणजे थांब. बाबांनी काच पूर्ण खाली केली होती. आरशाकडे बघत नव्हते. मान तिरकी करून ऐकत होते.

शेजारच्या जागेवरचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे गाडी मागे घेताना रोज घटस्फोट होतो. तुमच्याकडे तर ढोल वाजतो."

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला," आई म्हणाली. "आता ओरडायचाही कंटाळा येतो."

सगळे हसले. बाबाही. मी पाण्याचा पाइप जोडायला गेले.

४ ऑक्टोबर

ड्वाइटचा फोन. भाऊ ओहायोत बसून विचारतो, "काय दिसलं?"

म्हटलं, अजून काही नाही. हे खोटं. म्हणजे अर्धं खोटं. थापा दिसल्या, त्यांचा अर्थ मला अजून लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला. थेंब घालतात. "थेंबांनी थांबलाय," एवढंच सांगतात. तपासणीला आईखेरीज कुणाला बरोबर नेत नाहीत. ड्वाइटने लायसन्सच्या कार्यालयातून एक अर्ज आणून मला पाठवलाय. घरच्या माणसाने सही केली की ते चालकाला पुन्हा परीक्षेला बोलावतात. सही नावानिशी करावी लागते, आणि कुणी केली हे चालकाला कळवलं जातं.

"मी लांब राहतो. मी काय बघितलं म्हणून लिहू?" ड्वाइट म्हणाला. "तू बघ. मग तूच ठरव."

म्हणजे मी सहलीला आलेली नाही. तपासनीस म्हणून आले आहे. आणि आईने माझ्यासाठी जेवणाच्या टेबलाचा पलंग करून त्यावर नवी चादर घातली आहे.

५ ऑक्टोबर

न्हाणीच्या दारावर डावा खांदा पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा. इतक्या अरुंद गाडीत माणसं महिना महिना राहतात कशी!

६ ऑक्टोबर

आज दिवसभर मी मागच्या बाकावर बसून आईचं बोलणं ऐकलं. नीट ऐकलं, कारण मला न्यायाने वागायचं आहे.

"लोवेल, ते लाल कोठार बघ. त्याच्या पुढेच 'थांबा'ची पाटी."

"दिसली."

"सायकलवाला. उजवीकडे. काय पिवळाधमक शर्ट घातलाय बाई."

"दिसला, व्हर्ना."

"पुढचा ट्रक हळू झाला. लाकडं भरलीत वाटतं."

आई पूर्वी प्रवासात झोपायची. आम्ही लहान असताना तर गाडी सुरू झाली की पाच मिनिटांत तिचं तोंड उघडं पडायचं. आता ती सहलीचं वर्णन करते आणि त्या वर्णनात एकही पाटी, एकही वळण, एकही चालता माणूस सुटत नाही.

आणि रस्ता दरवर्षीचाच. तीच गावं, तेच पूल, तेच कॅम्प. मला वाटायचं म्हातारपणाची सवय. बाबांना हा रस्ता पाठ आहे!

पण खरं सांगायचं तर गाडी ते उत्तम चालवतात. शाळेची बस एकतीस वर्षं चालवली, एक ओरखडा नाही. आज सहा तासांत एकदाही कुणाला भोंगा वाजवावा लागला नाही. दोघांचे मिळून डोळे पुरेसे असतील तर माझी तक्रार नक्की कुणाविरुद्ध आहे? पण आईला खोकल्याची उबळ आली तर? वळणावर, नेमकी तेव्हा?

अर्ज पिशवीत आहे. बाहेर काढला नाही.

७ ऑक्टोबर

सकाळी बाबांची परीक्षा घेतली. त्यांना न सांगता, म्हणून लाज वाटते. खानावळीचं मेनूकार्ड पुढे केलं आणि म्हटलं, चष्मा विसरले, वाचून दाखवा ना. खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळसुद्धा घडाघडा वाचली. वर म्हणाले, "तुझा चष्मा तुझ्या डोक्यावर आहे."

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

मग बाबा सहज म्हणाले, "डॉक्टर म्हणत होते, मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत. हे घराण्यात उतरतं. ड्वाइटने केलं. तू?"

मी म्हटलं, नोव्हेंबरात. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं हातावेगळी झाली की. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते, मला न दिसायला काय झालंय.

बोलता बोलता कॉफीचा कप माझ्या डाव्या हाताने लवंडला. सगळी मेनूकार्डावर.

"परीक्षा संपली वाटतं," बाबा म्हणाले.

त्यांना कळलं होतं तर.

८ ऑक्टोबर

आज झालं.

नदीवरचा पूल दुरुस्तीला बंद. पिवळा बाण दाखवून सगळ्यांना डोंगराकडच्या रस्त्यावर वळवत होते. नऊ वर्षांत कधी न घेतलेला रस्ता. बाबांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले ते मला मागून दिसलं. आई भराभर बोलायला लागली आणि आता त्यात कोठारं नव्हती, रंग नव्हते. "वळण. उजवं. अरुंद. हळू. अजून हळू."

वळणापलीकडे रस्त्याच्या कडेला भोपळ्यांचं दुकान होतं. एक लांब टेबल, टेबलाच्या टोकाला खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा. आई नेमकी तेव्हा डावीकडून येणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल सांगत होती. दोन्हीकडे एकदम बघणं तिलाही जमत नाही. उजवा आरसा टेबलाला लागला. भोपळे धडाधड रस्त्यावर. मी किंचाळले. बाबांनी जागच्या जागी गाडी थांबवली.

मी खाली उतरले. म्हातारा खुर्चीतच होता. आरसा आणि त्याचा कान यांच्यात माझी वीत बसली असती.

 तो टोपी सारखी करत म्हणाला, "एकवीस वर्षं मी इथे बसतोय. इतक्या जवळ फक्त आमची ही आली होती."

आईने, मी आणि त्याने मिळून भोपळे गोळा केले. फुटले ते बाजूला ठेवले. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या खुर्चीकडे बघत होते. थोडं पुढून बघितलं. थोडं बाजूला होऊन बघितलं. मग परत.

पुढचे चार मैल कॅम्पपर्यंत ताशी पंधराच्या वेगाने आलो.  आई फक्त पाट्या वाचत होती.

९ ऑक्टोबर

सही केली.

कपडे धुवायच्या खोलीत, मशिनवर कागद ठेवून. मशिन हलत होतं म्हणून अक्षर वाकडं आलं. दुसऱ्यांदा लिहायला कोरा अर्ज नव्हता. कारण विचारलंय तिथे खरं तेवढंच लिहिलं: टेबल, आरसा, एक वीत अंतर. आईच्या बोलण्याबद्दल लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर तिलाही साक्षीला ओढल्यासारखं झालं असतं. न लिहिल्याने अर्ज अपुरा झाला का? झाला असेल.

दुपारी गावात किराण्याला गेलो, मी आणि आई, चालत. पोस्ट दिसलं. मी म्हटलं, एक पत्र टाकायचंय. तिकीट घ्यायला आत गेले तर ती मागोमाग आली. सत्तावीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढलेल्या बाईला दारात उभं कसं करणार?

"बघू," म्हणाली आणि पाकीट माझ्या हातातून घेतलं. तळव्यावर तोललं. पत्ता वर होता. तिने तो वाचला नाही असं मी स्वतःला सांगू शकत नाही. आई पत्ता न वाचता पाकीट धरूच शकत नाही.

"एका औंसाच्या आत आहे," ती म्हणाली. "एक तिकीट पुरे."

तिकीट तिनेच लावलं. कोपऱ्याला अगदी सरळ. अंगठ्याने दाबून धरलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग पाकीट मला परत दिलं.

"टाक तूच. साडेचारला उचलतात."

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बटाटे राहिले."

१० ऑक्टोबर

कालचा दिवस मागे घेता आला असता तर.

सकाळी कडाक्याची थंडी, टेबलावर दवाचं बर्फ. आई पॅनकेक करत होती. बाबा आले, बसले आणि गाडीची किल्ली माझ्या थाळीशेजारी ठेवली.

"घे. घरापर्यंत तू."

"बाबा..."

"आधी ऐक. लोकांना वाटतं, काळं दिसतं. कडेने काळा पडदा वगैरे. काळं दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी किल्ली ठेवली असती. काही गेलंय असं वाटतच नाही गं. माणूस असतो तिथे गवत दिसतं. चांगलं हिरवं गवत, आजूबाजूला असतं तसंच. परवा त्या खुर्चीच्या जागी मला गवत दिसलं, नोरी. मी शपथेवर सांगितलं असतं की तिथे गवत आहे."

मी सांगायला तोंड उघडलं. अर्ज, सही, पेटी, सगळं. आईने माझ्या थाळीत आणखी एक पॅनकेक वाढला, मला नको असताना, आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

एक दिवस थांबले असते तर त्यांनी ते स्वतः केलं असतं. त्यांनी स्वतः केलंच आहे. आता घरी पत्र येईल आणि त्यात लिहिलेलं असेल की त्यांच्या मुलीने त्यांना करायला लावलं. घरी पोचल्यावर पत्राच्या आधी मी सांगणार. हे इथे लिहिते म्हणजे पळवाट राहणार नाही.

"तू सोळाव्या वर्षी शेजारच्या जॉन्सनांची टपालपेटी पाडली होतीस," बाबा म्हणाले. "तेवढं सांभाळ."

११ ऑक्टोबर

एकशे चाळीस मैल चालवली. मी!  बाबा शेजारी. आई मागे, माझ्या बाकावर. बाबांनी एकही सूचना दिली नाही. फक्त उतारावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

एका गावातून जाताना आई एकदम ओरडली, "कुत्रा!" मी ब्रेक मारला. तपकिरी कुत्रा, अगदी नाकासमोरून गेला. डावीकडून आला म्हणे, पूर्ण रस्ता ओलांडून, चांगला रमतगमत. मला कळलंच नाही कधी आला. कुत्री अशीच असतात, कुठूनही उगवतात.

 त्यानंतर आई पुढे सरकून माझ्या खांद्यामागे बसली आणि हळूहळू तिचं सुरू झालं. पांढरं चर्च. पुढे 'थांबा'ची पाटी. डावीकडे बाई, हातात पिशव्या.

मी म्हटलं, "आई, मला दिसतंय."

"हो गं," ती म्हणाली. "जिभेला सवय."

आणि थांबली नाही.

१२ ऑक्टोबर

शेवटचा कॅम्प. उद्या घर. दुपारी तीनला पोचलो, लख्ख ऊन. मी म्हटलं, आज थापा नकोत, मला खुणा कर, बाबांना करायचीस तशा. आई मागे डाव्या कोपऱ्याला गेली.

मी आरशात बघितलं. झाड दिसलं, टेबल दिसलं, पाण्याचा नळ दिसला. बराच वेळ बघितलं. हाक मारली, "आई, आरशात दिसशील अशी उभी राहा ना!"

"दिसेन अशीच उभी आहे," तिचा आवाज आला. "दोन्ही हात वर केलेत."

तिथे गवत होतं.

बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं. पावलं जवळ येताना ऐकू आली, आणि माझ्या कोपराशी, दाराच्या पत्र्यावर, तळहाताची थाप पडली. एक.