उकळलेली कवळी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो, प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझी तब्येत कशी आहे? जेवण जातं ना? इकडे सगळं क्षेमकुशल आहे, एक माझं तोंड सोडून.

कवळी बसवली तेव्हाच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की झोपताना काढायची, मऊ ब्रशने घासायची आणि पाण्यात बुडवून ठेवायची. पण चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढलेल्या माणसाला कालच्या पोरीने स्वच्छता शिकवायची म्हणजे काय! शिवाय खरं सांगतो, तुझ्या भावजयीसमोर बोळकं तोंड दाखवायची मला लाज वाटायची. म्हणून चार वर्षं कवळी तोंडातच मुक्कामाला. गेल्या महिन्यात टाळू लालभडक झाला, कोमट दूधसुद्धा झोंबायला लागलं. घरात मात्र 'भूकच नाही' असं सांगून ताटावरून उठत राहिलो.

आता जंतूंशी माझी ओळख जुनी. सुया उकळण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. सकाळी पातेलं चढवलं, कवळी आत टाकली, घड्याळ लावून वीस मिनिटं खळखळ उकळली आणि चिमट्याने बाहेर काढली. जंतू मेले असतील, पण कवळीही कामातून गेली. तोंडात घातली तर डावी बाजू बसली आणि उजवी उभीच राहिली. (सुया कधी अशा वागल्या नाहीत.)

डॉक्टरीणबाईंनी पातेल्याची हकीकत ऐकून पाठ फिरवली. खांदे हलत होते, म्हणजे हसत असाव्यात. मग म्हणाल्या, तोंडात बुरशी झाली आहे. लावायला औषध दिलं, हिरड्या आणि जीभही रोज हलक्या हाताने साफ करायला सांगितली, आणि नव्या कवळीला उकळतं पाणी दाखवायचं नाही अशी तंबी दिली. नवी तयार होईपर्यंत तोंड मोकळं.

तोंडावर रुमाल धरून घरी आलो. तुझी भावजय वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काढली का एकदाची? झोपेत खटखट वाजते ती. चार वर्षं मी कानात कापूस घालून झोपतेय."

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या सूनबाईचा फोन आला होता. म्हणाली, आईंना हल्ली भूकच नाही. ताई, हे वाक्य माझं आहे. तूही कवळी काढत नाहीस, हे मला न सांगता कळलं. आजच काढ, सूनबाईला तोंड दाखव आणि तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. पहिलीत माझे पुढचे दात पडले आणि मी शाळेत जाईना, तेव्हा माझ्या वर्गात येऊन सगळ्यांसमोर तू तोंड उघडून आपल्याच पडलेल्या दातांची फट दाखवली होतीस. रविवारी मी तुझ्याकडे येतोय, आणि नवी कवळी सोमवारी मिळणार आहे. मुद्दामच रविवार धरला.