ओठाखालची पुडी

१ मे
हात भाजला. डावा. काल वाल्बोरीच्या, वसंताच्या सणाच्या, शेकोटीवर कॉफीची किटली होती. स्टेलन म्हणाला, जड आहे, मी उचलतो. हा मला जड म्हणून सांगणार! मीच उचलली. झाकण उडालं आणि उकळती कॉफी मनगटापासून करंगळीपर्यंत.

अकॉर्डियनच्या खर्जाच्या सगळ्या कळा याच हाताच्या. मिडसमरचा, जूनमधल्या सणाचा, नाच दीड महिन्यावर आलाय. गाव ज्याच्याभोवती नाचतं त्या खांबाखाली मी नसलो तर कोण वाजवणार? स्टेलनच. तोही अकॉर्डियन वाजवतो, टपूनच बसलाय मेला.

२ मे
नर्स माइकेन सांगून गेली — उद्या हाताचा फोटो. साधासुधा नाही. हातावर लाल लेसरचा उजेड पाडतात, कातडीवर वाळूसारखे कण चमकतात. खाली रक्त धावत असेल तिथं कण विस्कटतात, थांबलं असेल तिथं गप्प. मग यंत्र रंग भरतं. लाल म्हणजे कातडी जिवंत, आपोआप भरेल. निळं म्हणजे मांडीची कातडी काढून तिथं लावायची.

आणि फोटोआधी कॉफी नाही, स्नूस नाही! तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात म्हणे. जन्मभर ओठाखाली पुडी ठेवलेल्या माणसाला हे सांगायचं? गुनेलनं परवानगी न विचारता माझी डबी उशीखाली सरकवून दिली. बायको असावी तर अशी. चव मात्र लागत नाही. औषधांनी जीभ मेली असणार.

३ मे
फोटो झाला. पुडी ओठाखाली, तोंड मिटलेलं, चेहरा पाद्र्यासारखा. माइकेन म्हणाली, किती शहाणा पेशंट! हसू दाबताना हात हलला आणि ओरडा खाल्ला.

पडद्यावर हात टोमॅटोसारखा लाल. करंगळीच्या मुळाशी तेवढा बिस्किटाएवढा निळा डाग. डॉक्टर शिरीन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, परवा ऑपरेशन, कातडी लावू. मी मिडसमरचं विचारलं.
“या वर्षी ऐकायला जा, आर्विद.”
ऐकायला! स्टेलनला! रडूच आलं.

३ मे, संध्याकाळ
अरे — पुडी! तो निळा डाग माझा नाहीच, तंबाखूचा आहे!!

४ मे
सगळं कबूल केलं. माइकेननं माझी पार सालटी काढली. तुझ्यापेक्षा शाळेतली पोरं बरी, निदान खोटं बोलताना लाजतात, म्हणाली. डबी तिच्या खिशात गेली.

डॉक्टर शिरीनला हसू आवरेना. मग म्हणाली, तंबाखूनं असा एकच डाग सहसा पडत नाही, शक्यता कमी आहे. तरी ऑपरेशनआधी पुन्हा एक फोटो काढू. शक्यता कमी म्हणजे आहेच की! खोडी काढून स्वतःचीच कातडी वाचवणारा माणूस या वॉर्डात दुसरा झाला नसेल.

४ मे, संध्याकाळ
पुडीऐवजी चमचा चघळतोय. डोकं ठणकतंय. मिडसमरसाठी हेही सोसू.

५ मे
फोटो अजून व्हायचाय. गुनेल सकाळीच आली. तिला माझी सगळी करामत रंगवून सांगितली. ती हसली नाही. कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिली.
“डबीत तंबाखू नव्हतीच रे. माइकेननं पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं, आणि तू ऐकणार नाहीस हे मला माहीत होतं. डबी तुझी, आत नुसता पाला.”

म्हणजे निळा डाग माझाच.

स्टेलनला निरोप धाडला — तिसऱ्या नाचाला घाई करू नकोस, म्हाताऱ्या जोडप्यांना दम लागतो.