वाळूवरच्या सहा फेऱ्या

बाबा, गेल्या रविवारी मी मंदारमणीच्या किनाऱ्यावर दहा किलोमीटर धावले. तुम्ही गेल्यापासूनची ही पहिलीच शर्यत. कोलकात्यातल्या सेक्टर फाइव्हमधल्या आमच्या ऑफिसातले दहाबारा जण शनिवारी बसने गेलो, दुपारभर समुद्रात डुंबलो, संध्याकाळी तळलेली कोळंबी खाल्ली. रविवारी सकाळीच ऊन इतकं लख्ख होतं की वाळूकडे बघवत नव्हतं. छातीवर नंबर लावताना टीममधल्या एका मुलीने विचारलं, "दीदी, आपको दौड़ना किसने सिखाया?" मी म्हटलं, "पापा ने." ती म्हणाली, "कितनी लकी हैं आप." मी बुटाची नाडी बांधत राहिले.

तुमच्या बँकेची दीघाच्या समुद्रकिनाऱ्यावरची सहल तुम्हाला आठवत असेल का, कोण जाणे. मी तेरा वर्षांची होते. बदली होऊन कोलकात्यात आल्याला दोन वर्षं झाली होती आणि ती दोन्ही वर्षं तुम्ही मला सॉल्ट लेकच्या रस्त्यांवर रोज सकाळी पळवत होतात. तुम्ही सायकलवर, मी पुढे. तर दीघाला मुलींची शर्यत आहे, मी सगळ्यांच्या पुढे आहे, आणि मागे कुणीतरी किंचाळतं. शेजारच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण शिंपल्यावर पाय कापून पडली आहे. मी परत जाते, तिला उठवते, आणि आम्ही दोघी लंगडत शेवटी पोचतो. तुमचे साहेब टाळ्या वाजवतात. तुम्ही हसून सगळ्यांना सांगता, "मैडम को दया आ गई." लोकही हसतात. मग माझ्या कानाशी वाकून म्हणता, "सहा फेऱ्या. त्या झेंड्यापर्यंत आणि परत. त्याशिवाय जेवायला यायचं नाही."

शामियान्यात पंगत बसली होती. मी भर उन्हात एकटी पळत होते आणि ती माणसं ताटावरून मान वर करून बघत होती. चौथ्या फेरीला मी ओकले. आई उठली. "अहो, पुरे आता. पोर पडेल." तुम्ही ताटावरची नजरही न काढता म्हणालात, "बस खाली. तुझ्यामुळेच ती अशी मऊ झालीय." आई बसली. मी सहाही फेऱ्या पुऱ्या केल्या. ती मैत्रीण नंतर माझ्याशी फारशी बोलली नाही. आपल्यामुळे हिला शिक्षा झाली, हे तिला सोसवलं नसावं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने कधी सांगितलं नाही. पक्षाघाताचा झटका येऊन तुमचं उजवं अंग गेलं तेव्हा व्यायाम शिकवणारा माणूस म्हणाला होता, रोज पॅसेजमध्ये दहा पावलं चालवा, जास्त नको. तो गेला की मी वीस चालवायचे. तुम्हाला नीट बोलता येत नव्हतं. डाव्या हाताने भिंत धरून तुम्ही थांबायचात, लाळ गळायची, आणि माझ्याकडे बघायचात. "थकलात? अजून अर्धं राहिलंय," मी म्हणायचे. अगदी गोड आवाजात. शेजारच्या काकी आईला सांगायच्या, मुलगी किती करते वडिलांचं. एकदा तुम्ही खाली बसलात आणि रडलात. मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले, मग हात दिला. आईने स्वयंपाकघराच्या दारातून ते बघितलं आणि आत जाऊन नळ सोडला. तिने मला कधीच काही विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही नाही.

तर रविवारचं. आठव्या किलोमीटरच्या आसपास एक साठीचे गृहस्थ माझ्या पुढे धावत होते, धापा टाकत. एकदम वाकले आणि ओल्या वाळूत बसले. आसपास कुणी नव्हतं. मी जवळ आले तसा त्यांनी हात वर केला. "दीदी, एकटू धोरबेन?" जरा धरता का, एवढंच. मी त्यांना वळसा घालून पुढे गेले. मागून येणाऱ्या आमच्या टीममधल्या त्याच मुलीने त्यांना उठवलं, सावलीत नेलं, मदतीची गाडी येईपर्यंत जवळ बसली. तिची शर्यत तिथेच संपली. जेवताना ते गृहस्थ बायकोला घेऊन तिचे आभार मानायला आमच्या टेबलाशी आले. मला बघून क्षणभर थांबले, मग बायकोला घेऊन वळले. ते गेल्यावर ती मुलगी म्हणाली, "दीदी, आप तो आगे ही थीं. आपने देखा नहीं?"

"धूप थी ना," मी म्हटलं, "कुछ दिखा ही नहीं."

तिचा विश्वास बसला. हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मला सगळं दिसलं होतं. आणि त्यांना मागे टाकल्यावर माझे पाय एकदम हलके झाले, बाबा. शेवटचे दोन किलोमीटर मी इतक्या सुखात आयुष्यात कधी धावले नव्हते.