सुरूच्या खोडाची गाठ

ओखा बंदर
ता. २ जानेवारी २०१८, पौष पौर्णिमा

दादा,

मनिषचा तुला, वहिनीला आणि रियाला रामराम. मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. आश्रमशाळेत गुरुजींनी पत्राची सुरुवात पाठ करून घेतली होती, पण सातवीनंतर कुणाला पत्रच लिहिलं नाही. म्हणून पुढचं माझ्या मनाने. अक्षर लागलं नाही तर वहिनीला विचार, पण आधी एकदा तू एकट्याने वाच.

तू म्हणशील, फोन असताना हे काय नाटक. फोनवर तू "हां बोल" म्हणतोस, मागे रिया रडते, आणि माझं तोंड भलतंच बोलून मोकळं होतं. फोनवर मी खोटं पटकन बोलतो. लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात ते थंड होतं.

तर मुख्य बातमी. बोटीचं मशीन उघडून ठेवलंय. शेठने सगळ्या खलाशांना वीस तारखेपासून पंधरा दिवस छुट्टी दिली. मी वापीला उतरून पाड्यावर येणार आणि बुधवारी २४ तारखेला तू, मी आणि बा, तिघांनी नरपडच्या पुढच्या सुरूच्या बनात जायचं. दोन रात्री राहायचं, मासे मारायचे, तिथेच भाजून खायचे. सव्वीसला झेंडावंदन झालं की घरी. रानशेतहून तू डहाणू रोडला ये, मी बा ला घेऊन तलासरीहून येतो. स्टेशनबाहेर भेटू.

नाही म्हणू नको. निदान पत्र संपेपर्यंत तरी.

मी सगळं ठरवलंय. इथे जेट्टीवर बसून दुसरं काम काय. गेल्या खेपेला आपण दोघांनी मांडवासारखी उंच ताडपत्री बांधली होती आणि वाऱ्याने तिचं शीड केलं होतं, आठवतं? तू एका टोकाला लोंबकळत होतास आणि मी हसत होतो. ह्या वेळी ताडपत्री बुटकी, कमरेएवढी, वाकून आत जायचं. जानेवारीत दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, म्हणून त्या बाजूने ताडपत्री जमिनीपर्यंत आणि वर वाळूची पोती. तोंड चिकूवाडीच्या बाजूला. पहिल्या रांगेतल्या सुरूंखाली झोपायचं नाही, त्यांच्या सुक्या फांद्या वाऱ्यात पडतात. तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या मागे जायचं. खाली सुरूचा पाला दोन वीत जाड पसरला की गादी विसरशील.

चूल बनात नाही. पाला एका ठिणगीत पेटतो. महादेवकाकांच्या चिकूवाडीचं कुंपण बनाला लागून आहे, तिथे आतल्या कोपऱ्यात खड्डा खणून चूल करू. त्यांना मी फोन केला. आधी ओळखलंच नाही. मग म्हणाले, "अरे हाल्याचा धाकटा ना तू? चिकू तोडायला चढायचास आणि वरच बसून खायचास तो?" मी म्हटलं, तोच. म्हणाले, "या, पण करंड्या मोजून ठेवीन." विहिरीचं पाणी मिळेल.

तू तांदूळ, मीठ आणि वहिनीच्या हातची लाल मिरची-लसणाची चटणी आण. कांदे मी आणतो. घोंगडी तुझी तू आण, माझ्यात घुसू नको. बा ला पहाटेचा गार वारा बाधतो, त्याच्यासाठी मी इथून जाड कोट घेतलाय, बोटीवर घालतो तसला. त्यात तो अस्वलासारखा दिसेल. सुरूच्या बनात वारा शिट्टी मारतो तेव्हा तो नक्की विचारणार, "कोण बोलावतंय रे?" आपण हसायचं नाही.

गळ माझ्याकडे आहेत. ओहोटीला खडकात गळ टाकले तर शिंगाळा लागेल. आणि खाडीच्या तोंडाशी बोय. बोयीसाठी फेकायचं जाळं पाहिजे.

ते आहे. मी विणलंय.

खोटं वाटेल तुला. तुला माहीत आहे मी कुठे टिकत नाही. उंबरगावच्या कंपनीत दोन महिने, वीटभट्टीवर एक सीझन, केटररकडे लग्नसराईपुरता. बोटीवर टिकलो कारण बोट स्वतःच हलते, मला हलावं लागत नाही. पण हे जाळं मी चौदा महिने विणतोय. बोटीची मोठी जाळी टाकली की चार तास बसून राहायचं असतं, तेव्हा. बांबूची सुई स्वतः तासली. बा शिकवायचा तेव्हा मी पळून जायचो आणि तू बसून शिकायचास, म्हणून सुरुवातीला जाळ्याची घरं लहानमोठी झाली. तीनदा उसवलं. आमच्या बोटीवर उपलाटचा काकड्या जेवण बनवतो. तो रोज म्हणायचा, "बायको मिळत नाही म्हणून जाळं टाकून धरणार काय?" नंतर नंतर तोच बघून सांगायला लागला, इथे गाठ ढिली आहे.

आता तारखेचं सांगतो, कारण त्याच्यापुढे मला जे लिहायचं आहे ते येतं.

२४ तारीख मी झेंडावंदनाची सुटी बघून धरली नाही. त्या दिवसांत अष्टमी आहे. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, भरती फार वर चढत नाही. पुनवेला आणि अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी बनात शिरतं. हे किनाऱ्यावरच्या लहान पोराला कळतं. आपल्याला कळत नव्हतं. आपण डोंगराकडचे. चांदणं असलं की ओहळावर मासे मारायला जायचं, एवढंच आपलं पंचांग. म्हणून चार वर्षांपूर्वी आपण समुद्रावरसुद्धा पुनव बघून गेलो. पौष पौर्णिमा होती. आज तीच तिथी. इथे जेट्टीच्या वरच्या पायरीला पाणी लागलंय, ते बघून लिहायला बसलो.

बा चं जाळं त्या दिवशी गेलं. दोन पावसाळे बसून विणलेलं. निघताना त्याने ते माझ्याकडे दिलं नव्हतं, तुझ्या हातात दिलं होतं. आणि आपण रिकामे परत आलो तेव्हा तो तुला म्हणाला, "तुझ्या हाताला गाठ नाही रे." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याच वर्षी तू घरजावई होऊन रानशेतला गेलास. लोक म्हणाले, सासऱ्याला मुलगा नाही म्हणून गेला. मीपण तेच म्हणायचो. ते सोपं होतं.

दिवाळीला वहिनीशी फोनवर बोललो. ती हसत सांगत होती, "तुझा दादा बैल बांधतो आणि दोनदा उठून बघायला जातो. पाळण्याची दोरी बांधली तर मला ओढून बघायला लावतो. ओहळावर सगळे मासे मारतात, हा काठावर बसतो." ती गंमत म्हणून सांगत होती. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवलो नाही. काकड्या म्हणाला, "पोट बिघडलं काय?" मी म्हटलं, हो.

दादा, तुझी गाठ सुटली नव्हती.

तू सकाळी जाळं धुऊन सुरूच्या खोडाला बांधलंस आणि महादेवकाकांच्या विहिरीवर पाणी आणायला गेलास. जाताना म्हणालास, "हात लावू नको, मी आलो की दोघं टाकू." तू कुंपणाच्या आड गेलास आणि मी गाठ सोडली. सहज सुटत नव्हती. दात लावावे लागले. मला एकट्याने जाळं टाकून तुला दाखवायचं होतं. तीनदा टाकलं, तीनही वेळा गोळा होऊन पडलं. एक बोय लागली नाही. मग ते ओल्या वाळूत तसंच ठेवून सुरूखाली आडवा झालो. डोळा लागला. पाय ओले झाले तेव्हा जागा झालो. पाणी मुळांपर्यंत आलं होतं आणि जाळं नव्हतं.

तू हंडा घेऊन आलास. मी म्हणालो, "दादा, गाठ सुटली बघ."

तू त्या खोडाला हात लावून बघितलंस, जसं काही झाडालाच विचारत होतास. मग छातीपर्यंत पाण्यात शिरून दुपार कलेपर्यंत शोधत राहिलास. मी काठावरून "तिकडे बघ, तिकडे बघ" म्हणत होतो. मला पाण्याची भीती वाटली नव्हती. तू परत येऊन मला विचारशील, त्याची वाटली होती. तू विचारलंच नाहीस. तू तुझ्याच हाताकडे बघत बसलास.

एवढंच आहे. चौदा महिन्यांचं जाळं विणून झालं आणि हे एक पान लिहायला मला चार वर्षं लागली.

बा ला अजून सांगितलं नाही. समुद्रावर यायला विचारलं तर आधी कुरकुरला, "माझे गुडघे काय समुद्रावर जायचे आहेत का?" मग विचारलं, कोण कोण. म्हटलं, तू, मी, दादा. मग म्हणाला, "प्रविण येतो का बघ. पण जाळं कोण बांधणार?" मी हसलो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, मी हसलो.

आता मी त्याला तिथे सांगणार, त्याच खोडापाशी, पहिलं जाळं टाकायच्या आधी, तुझ्यासमोर. तू आला नाहीस तरी सांगणार, घरी, आईसमोर. तुझ्या येण्यावर ते अडकवून ठेवलेलं नाही. तू मला दोन ठेवून दिल्यास तरी चालेल, फक्त ताडपत्री बांधून झाल्यावर दे, आधी नको, एकट्याने वाऱ्यात ती बांधता येत नाही.

जाळं इथे माझ्या पिशवीत आहे. घरं सारखी आहेत, कडेला शिसं लावलंय, बा नाव ठेवील पण थोडंच. एक काम मुद्दाम सोडलंय. वरची दोरी, जी मनगटाला असते, ती जाळ्याला बांधलेली नाही. ती बांधल्याशिवाय जाळं टाकलं तर ते सरळ समुद्राचं होतं. ती गाठ तू मारायची, बा बघत असताना. मग पहिल्यांदा तूच टाकायचं, आणि ओढून बघायला कुणाला बोलवायचं नाही.

वहिनीला सांग, चटणी जास्त दे. रियाला सांग, काका शिंपले आणतो.

बुधवारी सकाळी मी स्टेशनबाहेर उभा असेन. बा कोटात असेल, लांबून ओळखशील.

तुझी पक्की गाठ दातांनी सोडणारा,
तुझा धाकटा
मनिष