रमोनाबद्दल माझं लेखी मत

पूर्व बर्लिन, ९ फेब्रुवारी १९७७
रमोनाने आज अकरा टेक घेतले. अकरा! शेवटच्या कडव्यातला वरचा सूर दर वेळी किंचित उतरत होता. अखेर मी पाचव्या, सातव्या आणि दहाव्या टेकमधले तुकडे कापून फीत जोडली. चौदा सांधे. एकही ऐकू येणार नाही. रेडिओवर ऐकून लोक म्हणतील, काय गळा आहे बाईचा!
स्टुडिओच्या काचेपलीकडे हार्टविग पियानोवर. ती डोळे मिटून शेवटची ओळ गायली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षं तो माझ्यासोबत राहतो. माझ्याकडे असं पाहिल्याचं आठवत नाही.

१४ फेब्रुवारी
गाणं मंजुरीच्या समितीकडून परत आलं. ‘नदीच्या पलीकडे’ या शब्दांखाली लाल रेघ. समितीतल्या बाईंनी हार्टविगला बोलावून घेतलं होतं.
“पलीकडे म्हणजे नेमकं कुठे, हो?”
“दुसऱ्या काठावर, बाई.”
“कुठल्या नदीच्या?”
“कुठल्याही.”
“मग याच काठावर राहू द्या की! इथे काय वाईट आहे?”
त्याने हे नक्कल करून सांगितलं, स्टुडिओत सगळे हसले. तो हसला नाही. आता ‘नदीच्या काठावर’. म्हणजे पुन्हा रेकॉर्डिंग, पुन्हा रमोना. एका शब्दासाठी हा माणूस जेवला नाही! ते गाणं त्याने तिच्यासाठी लिहिलंय, दुसरं काय.

२ मार्च
रमोनाने घरी केलेला चेरीचा केक आणला. सगळ्यांसमोर म्हणाली, “अल्मुटने कात्री ठेवली ना खाली, तर मी नुसती बेडूक आहे रे!” अगदी मनापासून. हेच सहन होत नाही. जरा दुष्ट असती तर माझं काम सोपं झालं असतं.
केक चांगला होता. दोन तुकडे खाल्ले.

१९ मार्च
मी बटाटे सोलत होते. हार्टविग दारात उभा.
“आपण लग्न करू या का?”
“एकदम?”
“सरकारी घरांच्या यादीत नंबर तरी वर सरकेल.”
बरं, म्हणाले. सोलणं चालू ठेवलं, पण साल जाड निघायला लागली.
नोंद म्हणून लिहिते — पहिला विचार आईला कळवायचा आला नाही. रमोनाला सांगायचा आला.

१६ एप्रिल
नोंदणी झाली. सगळं मिळून बारा मिनिटं. साक्षीदार रमोना. फोटोवाल्याला म्हणाली, “नवरीचा नीट काढा हं, ती कधी हसत नाही!”
सही करताना हार्टविगच्या डोळ्यांत पाणी होतं. तो रडणाऱ्यांतला नाही. मी लगेच त्याची नजर कुठे जाते ते पाहिलं. रमोनाकडे नाही. जमिनीकडे.

५ मे
रमोनाला दौरा मिळाला. पश्चिम जर्मनीत! हँबुर्ग, जूनमध्ये चार दिवस. साथीला हार्टविग आणि तिघे वादक. तिकडे तिची मावशी राहते, आणि तिकडच्या एका रेकॉर्ड कंपनीने तिला म्हणे फुलं पाठवली होती.
दुपारी आमच्या विभागाचे प्रमुख क्वांट यांनी दार लावून घेतलं.
“रमोना थिएलकेबद्दल अर्धं पान लिहून द्या. परत येईल की नाही, एवढंच.”
“ते मी कसं सांगणार?”
“तुम्ही मोजूनमापून बोलता, म्हणून विचारतोय.”
“आणि बाकीच्यांचं?”
“बाकीचं आम्ही पाहतो. नवऱ्याची हमी बायकोकडून कोण घेतं!” स्वतःच हसले.

६ मे
‘शंका आहे’ असं लिहिलं, तर ती इथेच राहील. आणखी वीस वर्षं काचेपलीकडे डोळे मिटून गाईल, आणि तो बघेल.
‘येईल’ असं लिहिलं, तर ती जाईल. गेली की येणार नाही, याबद्दल मला शंका नाही. मग पळून गेलेल्यांची होतात तशी रेडिओवरची तिची गाणी बंद होतील, स्टुडिओच्या जिन्यातला तिचा फोटो उतरवतील. हार्टविग घरी येईल.
लिहिलं — ‘रमोना थिएलके पूर्ण विश्वासार्ह आहेत. त्या परत येतील याची मला खात्री आहे.’ सही केली. एवढं धडधडीत खोटं, पण अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं.

१२ जून
सकाळी स्टेशनवर. चार दिवसांसाठी रमोनाच्या दोन मोठ्या सुटकेस! हमालाला म्हणाली, “जपून हो दादा, एकीत माझी अब्रू आहे.” मनात म्हटलं, ने बाई, सगळं ने.
हार्टविगची एकच लहान बॅग. त्याने मला खूप वेळ मिठीत धरलं. त्याच्या खांद्यावरून मी तिच्या सुटकेस पाहत होते.

१५ जून
उद्या येतील. चौघेच येतील.

१६ जून
चौघेच आले. रमोना आली. हार्टविग नाही.
फलाटावर तिने माझे दोन्ही हात धरले. रडून तिचा आवाज पार बसला होता.
“दौऱ्याच्या पहिल्या यादीत त्याचं नावच नव्हतं गं, अल्मुट. घरी मागे कुणी नाही, अशा माणसाला सोडत नाहीत. लग्नाचा दाखला दिला, तेव्हा घातलं. तुला सांगितलं नव्हतं त्याने?”