स्वतःचाच निबंध खोटा ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
प्रांत कचेरी, जिल्हा अहमदनगर.

अर्जदार : कृपादान प्रभुदास साळवे, वय २३, धंदा शिक्षण, राहणार मौजे पिंपळदरा.

विषय : बाबांच्या स्थानाचे कुलूप चैत्री पौर्णिमेपूर्वी काढणेबाबत व त्यासाठी अर्जदाराचा निबंध खोटा असल्याचे जाहीर करणेबाबत.
संदर्भ : सदर स्थानास सील करण्याचा आपला हुकूम, ता. ११ मार्च १९४६.

महोदय,

१. अर्जदार हा गावच्या शाळेचे मास्तर प्रभुदास साळवे यांचा मुलगा असून मुंबईस युनिव्हर्सिटीत जगातील धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करीत आहे. चीनपासून मिसरपर्यंतचे देव त्याला तोंडपाठ आहेत. प्राध्यापकांनी परीक्षेसाठी आपापल्या गावातील एका पूजास्थानावर निबंध मागितला, तेव्हा त्याने वेशीबाहेरचे बाबांचे स्थान निवडले. तेथून ही नसती उठाठेव सुरू झाली.

२. सदर स्थानी समाधीवर हिरव्या कापडाचा गलेफ आणि भगवे निशाण दोन्ही असतात. दर गुरुवारी दिव्याला तेल मोहियोद्दीन मुजावर यांच्या घरचे व वात छगन गुरव यांच्या घरची, अशी वहिवाट आहे. ती कधीपासून, हे कोणास ठाऊक नव्हते, कारण तसे कोणी विचारलेच नव्हते. अर्जदाराने विचारले.

३. दिवाळीच्या सुटीत अर्जदार वही घेऊन घरोघर फिरला. त्याच्या तक्त्यात धर्माचा रकाना एकच होता, म्हणून बाबा हिंदू की मुसलमान, असा प्रश्न त्याने प्रत्येकास केला. गोजरबाई या वृद्ध बाई म्हणाल्या, "नवसाला पावतो एवढं म्हाईत हाय. जात इचारायला मी काय त्याला पोरगी देनार हाय?" हे उत्तर रकान्यात बसेना, म्हणून अर्जदाराने ते गाळले. त्याची त्याला आज फार लाज वाटते. इतरांनीही प्रथम प्रश्न हसण्यावारी नेला. परंतु अर्जदार शिकलेला, त्यातून ख्रिस्ती, म्हणजे कोणाच्याच बाजूचा नाही. तो इतक्यांदा विचारतो त्या अर्थी यात काही तरी असले पाहिजे, असे लोकांना वाटू लागले.

४. निबंधाच्या पान चारवर असे लिहिले आहे की, बांधणीवरून समाधी मूळची नाथपंथी साधूची दिसते. पान नऊवर असे लिहिले आहे की, मुजावरांकडील स्थानाच्या सेवेचा कागद गुरवांच्या कागदाहून जुना आहे. दोन्ही गोष्टी अर्जदारास तेव्हा खऱ्या वाटल्या व आजही वाटतात. एवढ्यावर थांबता तर बरे होते. पण शहाणपणाचा वारा अंगात शिरलेला. संक्रांतीला गावी आला असता त्याने तो निबंध चावडीवर मोठ्याने वाचून दाखविला. आपल्याच हाताने धोंडा पायावर पाडून घेणे म्हणतात ते हेच. पान चार एका बाजूने नकलून घेतले, पान नऊ दुसऱ्या बाजूने. बाकीची एकवीस पाने कोणीच मागितली नाहीत. स्थान आपलेच, अशा दोन्हीकडच्या फिर्यादींना पुरावा म्हणून अर्जदाराचीच पाने जोडलेली आहेत, हे आपल्या दप्तरी आहेच.

५. कुलूप लागल्यापासून चार गुरुवार दिवा लागलेला नाही. गुरवांची मुले मुजावरांच्या अंगणातून शाळेत जात, ती आता ओढ्याला वळसा घालून जातात. पौर्णिमा ता. १६ रोजी आहे. त्या दिवशी कुलूप आम्हीच तोडणार, असे दोन्हीकडे उघड बोलले जाते व लाठ्यांना तेल लावणे चालू आहे. दिव्याचे तेल लाठ्यांना लागते आहे. काल मोहियोद्दीनचाचा त्यास एवढेच म्हणाले, "किरपादान, तू इचारलंस, म्हनून आमाला उत्तर द्यावं लागलं." अर्जदाराला रात्रंदिवस भीती वाटते आहे.

६. सबब अर्ज की, निबंध सर्वस्वी खोटा असून तो लिहिणारास या विषयातील काडीचे कळत नाही, असे सहीशिक्क्यानिशी जाहीर करून गावात दवंडी पिटवावी. खोटा कागद केल्याबद्दल अर्जदारावर खुशाल खटला भरावा. युनिव्हर्सिटीसही तसे कळवावे. परीक्षा बुडाल्याचे दुःख होईल, ते तो लपवीत नाही. खोटे बोलू नये असे ज्या वडिलांनी शिकविले, त्यांना तोंड कसे दाखवावे हेही त्यास समजत नाही. तरी पौर्णिमेला एखादे डोके फुटण्यापेक्षा हे त्याला सोसेल. निकाल होईपर्यंत निदान कचेरीच्या शिपायाकडून गुरुवारी दिवा लावून घेण्याची मेहेरबानी व्हावी.

७. अशा दवंडीवर गाव विश्वास कसा ठेवील, अशी शंका हुजुरांस येईल. गावाला विश्वास ठेवायचाच आहे, फक्त कोणी तरी आधी खोटे ठरावयास हवे. याचा पुरावा सोबत जोडला आहे, तो कृपा करून पाहावा.

पौर्णिमेपूर्वीच्या निकालाची वाट पाहणारा,
आपला नम्र अर्जदार
कृपादान प्रभुदास साळवे
मौजे पिंपळदरा, ता. ५ एप्रिल १९४६

सोबत :
१. निबंधाची मूळ प्रत, पाने २३. दुसरी प्रत नाही. परत नको.
२. गोजरबाईंचे गाळलेले उत्तर, नव्याने लिहून, पान १.
३. तेलाची बाटली, नग १. मोहियोद्दीन मुजावर यांनी काल सायंकाळी मागील दाराने आणून दिली. आडवी ठेवू नये.
४. वाती, नग ४. छगन गुरव यांनी आज सकाळी, त्याच दाराने. दोघांनीही दुसऱ्यास कळू देऊ नये असे बजावले आहे.