तुमच्या भावाची गळकी खोपी

केनवड, कोजागिरीनंतरचा चौथा दिवस

ती. वच्छलाबाईंना कस्तुराचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? कारंज्याच्या वैद्याचं तेल लागू पडलं असेल तर अर्धी बाटली इकडे पाठवा (पडलं नसेल तर तुम्हीच ठेवा). आम्ही सगळे खुशाल. मी घर सोडून वांग्याच्या वावरातल्या खोपीत राहते, असं कानावर आलं असेल तर ते खरं; सुनेनं हाकललं, हे खोटं.

झालं असं. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सुचिता सिस्टर ख्रिस्ती आहेत. त्यांनी मला यहुद्यांच्या सणांवरचं पुस्तक दिलं, ते मी दोनदा वाचलं. काय बारकाईने जुळवलंय! वल्हांडणाला कोकरू कापायचे, त्याच सणाला येशूचा जीव गेला. पहिली पेंढी देवाला वाहायची, त्या दिवशी तो उठला. तिथून पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला. हे सण घडून गेले, असं सिस्टरांच्या मंडळींचं मानणं. पावसाळ्यानंतरचे बाकी आहेत: कर्णे वाजतील, पापांची माफी होईल, आणि शेवटी मंडपाच्या सणाला देव स्वतः माणसांत राहायला येईल. वांग्याचा पहिला तोडा घरात आला की पुढचा येणारच, हे आपल्या भाजीवाल्यांना कुणी पटवावं लागत नाही. ही माणसं तसाच भरवसा ठेवून बसली आहेत. मला फार आवडलं.

या मंडपाच्या सणाला यहुदी सात दिवस पाल्याच्या खोपीत राहतात, आणि छपरातून चांदण्या दिसाव्या लागतात. बाई, मी पुस्तक मिटलं. तीस वर्षं मी तुमच्या भावाला या खोपीच्या गळक्या छपरावरून बोलले!

आणि हर्षल तीच खोपी पाडून पत्र्याची खोली बांधतोय. मी विचारलं, देव आला तर उतरेल कुठे? "आई, त्याले पत्र्याची खोली देऊ ना. पंखा बी लावतो." कोजागिरीला (यहुद्यांचा सण त्याच पुनवेला लागला) मी गोधडी उचलली आणि इथे आले.

तेव्हापासून इथे जत्रा आहे. शेजारच्या वावरातली ताजबी भाकरी घेऊन आली. "काहून वं कस्तुरे, सुनेनं हाकललं काय? नाव घे, आत्ता पाहतो तिले!" मी सण समजावेपर्यंत ती घरी जाऊन रुचिकाशी भांडून परतलीही. मग रुचिका रडत आली, तिच्यामागे समजूत घालायला तिचे वडील (पाव किलो पेढे घेऊन, जणू मी माहेरी जाऊन बसले). शेवटी सिस्टरांना बोलावलं. त्या म्हणाल्या, "कस्तुराबाई, आम्ही खोपीत राहत नाही हो. आम्ही फक्त अर्थ लावतो." म्हणजे राहणारे यहुदी, अर्थ लावणारे ख्रिस्ती, आणि खोकला मला.

तरी बरं वाटतंय. ते गेल्याचं दुःख आता जुनं झालं, त्रास देत नाही. काळजी नसावी.

तुमची,
कस्तुरा

ता.क. हर्षल सोमवारी खोपी पाडणार. तो फक्त तुमचंच ऐकतो. रविवारच्या एसटीने या. खोपीत दोघी मावतो.

आणखी एक, हे वेगळ्या चिठ्ठीवर. दुःखाबद्दल वर लिहिलं ते रुचिकाने वाचलं तर म्हणून. पुस्तकात आहे की या सात दिवसांत यहुदी आपल्या गेलेल्या पूर्वजांना पाहुणे म्हणून बोलावतात. मी रोज दोन ताटं वाढते. हाक मारत नाही. छप्पर उघडंच आहे, त्यांना वाट ठाऊक आहे. तुम्ही येताना मात्र तिसरं ताट आणा. मी घरून दोनच आणलीत.